संरक्षित बेटावरची टंचाई कुणाच्या मालकीची?

पाण्याकाठची जागा विकणाऱ्याला फार बोलावं लागत नाही. समोर समुद्र असतो, तो आपलं काम करतो. जागा बेटावर असेल तर काम आणखी सोपं. आणि ते बेट कायद्याने संरक्षित असेल, तर दलालाच्या हातात हुकमाचा एक्काच येतो: "साहेब, इथे आता नवीन बांधकाम होणारच नाही. जे आहे ते एवढंच." गिऱ्हाईक मान डोलावतं. मागणी वाढत जाणार, पुरवठा गोठलेला, म्हणजे भाव चढतच राहणार.

या गणितात खोट नाही, पण ते अर्ध्यावर सोडलेलं आहे. पुरवठा गोठला हे खरं. तो गोठवला कुणी आणि त्याचे पैसे कुणी मोजले, हे मात्र कुणी विचारत नाही. संरक्षित बेटावरची टंचाई सरकारी पैशातून आणि इतरांनी सोडलेल्या हक्कांतून तयार झालेली असते, असं माझं म्हणणं आहे. तिचा नफा ज्याच्या पदरात पडतो त्याने त्यातला वाटा परत करावा. आणि उद्या समुद्राने घर नेलं, तर त्याचं बिल त्याने बाकीच्यांच्या नावावर फाडू नये. पाण्याकाठच्या घरमालकांबद्दल मला आकस नाही. थोडी असूया असेलही. समुद्राकडे तोंड करून बसायला कुणाला नको असतं?

आधी टंचाईचंच बघू. उंच कडे, दलदल, गोड्या पाण्याचा तुटवडा या निसर्गाच्या अडचणी. पैसा आणि यंत्रं असली की त्यातल्या बऱ्याच अडचणींवर तोडगा निघतो. दुबईने 2001 पासून समुद्रात वाळू ओतून खजुराच्या झाडाच्या आकाराचं अख्खं बेट उभं केलं. तोच आकार का, तर झावळ्यांमुळे गोल बेटापेक्षा कितीतरी लांब किनारा मिळतो, आणि किनारा जितका लांब तितके पाण्याकाठचे प्लॉट जास्त. 'देव आता नवी जमीन करत नाही' हे दलालांचं आवडतं वाक्य तिथे माणसांनीच खोटं पाडलं. संरक्षित बेटावर असं करता येत नाही, कारण तिथे कायदा आडवा येतो. म्हणजे तिथली टंचाई कायद्याने केलेली आहे, आणि कायदा सगळ्यांचा असतो.

अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्याच्या पश्चिम किनाऱ्यालगतचं सॅनिबेल बेट घ्या. 1963 साली मुख्य भूमीशी जोडणारा पूल-रस्ता झाला आणि बिल्डरांची रीघ लागली. तेव्हाच्या जिल्हा प्रशासनाच्या नियमांप्रमाणे त्या चिंचोळ्या बेटावर सुमारे 30 हजार घरं बांधता आली असती. रहिवासी खवळले. 1974 साली त्यांनी मतदान करून स्वतःची नगरपालिका स्थापन केली, नियोजनाचे अधिकार आपल्याकडे घेतले आणि 1976 च्या आराखड्यात घरांची संख्या त्या आकड्याच्या तिसऱ्या हिस्स्याहूनही खाली आणली. आज बेटाचा जवळजवळ दोन तृतीयांश भाग राखीव आहे: केंद्र सरकारचं पक्षी अभयारण्य, देणग्यांवर चालणाऱ्या संवर्धन संस्थेची जमीन आणि नगरपालिकेची जमीन. तिथल्या किनाऱ्यावरच्या घराला जी किंमत येते, त्यात विटा-लाकडाचा हिस्सा किरकोळ. घरामागे अभयारण्य आहे आणि शेजारी वीस मजली टॉवर येणार नाही, या खात्रीचा भाव लागलेला असतो.

ती खात्री फुकटात तयार झालेली नाही. अभयारण्याचा खर्च देशभरातल्या करदात्यांनी केला. त्यातल्या बहुतेकांनी ते बेट नकाशावरसुद्धा पाहिलेलं नसेल. देणगीदारांनी पैसे दिले. ज्यांच्या रिकाम्या जमिनींवर बांधकामाची मर्यादा आली, त्यांनी भविष्यातल्या उत्पन्नावर पाणी सोडलं. एक गट तर कुठल्याच कागदावर नसतो: ती न बांधलेली घरं बांधली गेली असती, तर तिथे भाड्याने राहू शकली असती अशी माणसं. या सगळ्यांनी सोडलेलं एकत्र आलं तेव्हा 'दुर्मीळ किनारा' ही वस्तू बाजारात आली, आणि तिच्यावर मालकी कुणाची ठरली, तर ज्याचं घर योगायोगाने आधीपासून तिथे होतं त्याची. मराठीत याला आयत्या बिळावर नागोबा म्हणतात.

कुणी म्हणेल, संरक्षणाचा कायदा मालकाचे हात बांधतो, म्हणून भरपाई त्यालाच मिळायला हवी. हा युक्तिवाद पोकळ नाही. अमेरिकेतल्याच दक्षिण कॅरोलायना राज्यात आयल ऑफ पाम्स नावाचं वाळूचं बेट आहे. तिथे डेव्हिड लुकास यांनी 1986 साली समुद्राकाठचे दोन प्लॉट 9 लाख 75 हजार डॉलरना घेतले. आजूबाजूला घरं उभी होती, त्यांनाही घरंच बांधायची होती. 1988 साली राज्याने किनारा वाचवण्यासाठी कायदा केला आणि त्यांच्या प्लॉटवर घर बांधायला बंदी आली. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. 1992 साली न्यायालयाने म्हटलं की जमिनीचा सगळाच आर्थिक उपयोग काढून घेतला, तर सरकारला साधारणपणे भरपाई द्यावी लागेल. पुढे तडजोड होऊन राज्याने ते प्लॉट विकत घेतले. आणि मग त्याच राज्याने ते घरं बांधण्यासाठी विकून टाकले! किनाऱ्याचं रक्षण दुसऱ्याच्या खर्चाने होत होतं तोवर अत्यावश्यक होतं. बिल स्वतःच्या टेबलावर आल्यावर ते तितकंसं अत्यावश्यक राहिलं नाही.

लुकास यांना भरपाई मिळाली ते योग्यच झालं, असं मला वाटतं. पण या खटल्यात एक बाजू कुणी मांडलीच नाही, आणि खरी गोम तिथेच आहे. एकाच रस्त्यावर दोन जागा आहेत असं धरा. एकीवर घर आहे, दुसरी रिकामी. उद्यापासून नवं बांधकाम बंद, असा नियम येतो. रिकाम्या जागेची किंमत कोसळते. त्याच दिवशी, त्याच सहीने, घराची किंमत वाढते, कारण आता शेजारी काही उभं राहणार नाही आणि किनाऱ्यावर घर हवं असलेल्या प्रत्येकाला याच मालकाच्या दारात यावं लागणार. ज्याचं गेलं तो न्यायालयात जातो. ज्याला मिळालं तो गप्प बसतो. नुकसानीचा हिशेब वकील मांडतात, लाभाचा हिशेब मांडायला कुणी जात नाही. कायद्यामुळे गमावलेल्याला सरकारने द्यायचं, हे तत्त्व मान्य असेल, तर कायद्यामुळे कमावलेल्याकडून सरकारने घ्यायचं, हेही ओघाने मान्य व्हायला हवं.

हा विचार नवा नाही. जमिनीच्या किमतीतली जी वाढ मालकाच्या कष्टातून न येता समाजामुळे येते, तिच्यावर समाजाचा हक्क आहे, हे हेन्री जॉर्ज या अमेरिकन विचारवंताने 19 व्या शतकात ठणकावून सांगितलं होतं. शहरांच्या बाबतीत यावर वाद घालता येतो. जमिनीची किंमत रस्त्यामुळे वाढली की मालकाने चालवलेल्या दुकानामुळे, हे वेगळं काढणं तिथे कठीण. संरक्षित बेटावर ही अडचण जवळपास नाही. तिथल्या किमतीतला मोठा भाग कशामुळे आला ते जाहिरातीतच छापलेलं असतं.

मग वसुली करायची कशी? मॅसेच्युसेट्सच्या किनाऱ्यापासून सुमारे 50 किलोमीटर दूर नॅन्टकेट नावाचं बेट आहे. तिथे 1983 साली विधिमंडळाच्या संमतीने 'लँड बँक' सुरू झाली. बेटावर जमिनीचा किंवा घराचा व्यवहार झाला की खरेदीदाराने किमतीच्या 2 टक्के रक्कम या बँकेत भरायची, आणि त्या पैशातून मोकळ्या जमिनी घेऊन त्या सगळ्यांसाठी खुल्या ठेवायच्या. पहिलंच घर घेणाऱ्याला ठरावीक रकमेपर्यंत सूट. तीन वर्षांनी शेजारच्या मार्थाज व्हिनयार्ड बेटानेही असंच केलं. अशा शुल्काने गुंतवणूकदार पळून जातील, ही भीती नेहमी घातली जाते. नॅन्टकेटवरून कुणी पळालं नाही. आज बेटाचा निम्मा भाग राखीव आहे आणि घरांच्या किमती अमेरिकेतल्या सर्वांत चढ्या किमतींत मोडतात. 2 टक्के ही रक्कम तिथल्या खरेदीदाराला खुपत नाही, कारण त्याच पैशातून त्याची टंचाई आणखी पक्की होते.

आणि इथेच या योजनेचा कच्चा दुवा दिसतो. शुल्कातून जमीन घेतली की मोकळी जागा वाढते, राहण्याजोगी जागा घटते, उरलेल्या घरांचे भाव चढतात, शुल्क वाढतं, आणखी जमीन घेतली जाते. निसर्गासाठी हे छान चक्र आहे. माणसांचं काय? घर दुरुस्त करणारा सुतार, रुग्णालयातली परिचारिका, शाळेतली बाई, सांडपाण्याची टाकी उपसणारा कामगार, यांच्यावाचून बेट आठवडाभरही चालणार नाही. यातली कित्येक माणसं सकाळच्या बोटीने मुख्य भूमीवरून येतात आणि संध्याकाळच्या बोटीने परततात. वारा सुटला, बोट रद्द झाली, की कामं ठप्प. हंगामात येणारे कामगार एकेका घरात दाटीवाटीने राहतात, आणि त्याच गल्लीत वर्षातले दहा महिने कुलूप लागलेले बंगले उभे असतात. अशा वेळी कामगारांसाठी चार घरं बांधायचा प्रस्ताव आला की विरोधाला पुढे कोण असतं? बहुधा तेच बंगलेवाले, आणि हातात फलक निसर्गरक्षणाचा. आपण आत आलो, आता दार लावा, या वृत्तीला हिरवा रंग दिला म्हणून ती पर्यावरणवादी होत नाही.

म्हणून संरक्षण म्हणजे 'अजिबात काही बांधायचं नाही' एवढाच अर्थ घेणं मला पटत नाही. पाणथळ जागा, वाळूच्या टेकड्या, कासवांच्या अंडी घालण्याच्या जागा यांना हात लावू नये, हे निर्विवाद. पण वस्तीच्या आत, किनाऱ्यापासून मागे, तिथेच राहून काम करणाऱ्यांसाठी घरं बांधल्याने कासवांचं काही बिघडत नाही. बिघडतं ते टंचाईच्या भावाचं. व्यवहारांवरच्या अशा शुल्कातला निम्मा वाटा तरी अशा घरांसाठी ठेवायला हवा, नाहीतर शुल्क शेवटी बंगलेवाल्यांच्याच उपयोगी पडतं.

काही बेटांनी याच्या मुळाशी हात घातला आहे. ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यापासून सुमारे 600 किलोमीटर दूर असलेलं लॉर्ड हाव बेट 1982 पासून जागतिक वारसा आहे. तिथली जमीन सरकारी. 1953 च्या कायद्याखाली घरांसाठी कायमचे भाडेपट्टे मिळतात, पण पट्टेदाराने स्वतः बेटावर राहायचं ही अट आहे, आणि पट्टा विकायचा झाला तर तो घ्यायचा पहिला हक्क बेटावरच्या रहिवाशांचा. एका वेळी 400 च्या वर पर्यटक बेटावर घेत नाहीत. किनारा दुर्मीळ आहे, सुंदर तर आहेच. पण दूरच्या शहरात बसून त्यावर पैसे लावायची सोय नाही. बाल्टिक समुद्रातल्या ऑलंड बेटांवर जमीन घ्यायची तर तिथला 'रहिवास हक्क' लागतो, आणि तो बाहेरून आलेल्याला पाच वर्षं राहून, स्वीडिश भाषा येत असेल तरच मिळतो. इंग्लिश खाडीतल्या गर्नसी बेटाने मधला मार्ग काढला. तिथे घरांचे दोन बाजार आहेत: थोडी महागडी घरं 'खुल्या' यादीत, ती कुणीही घेऊन राहावं, बाकीची स्थानिकांसाठी. बाहेरचा पैसा येतो, पण तो एका कप्प्यात राहतो.

जन्मावर किंवा भाषेवर आधारलेल्या अटी मला खटकतात. आज बाहेरच्या धनिकांना अडवणारी अट उद्या बाहेरच्या गरिबांनाही अडवते, आणि बेटावर चार घराण्यांचं राज्य होऊन बसतं. लॉर्ड हावची 'राहतोस तर ठेव' ही अट जास्त न्याय्य वाटते. आडनाव कुठलंही असो, तुझा दिवा हिवाळ्यात इथे लागतो का, एवढंच तिने विचारावं.

आता गुंतवणूकदाराच्याच बाजूने दोन गोष्टी बघू. दलाल त्या सांगत नाही, म्हणून.

पहिली अशी की कायद्याने निर्माण केलेली टंचाई कायदाच बदलू शकतो, आणि तो दोन्ही बाजूंना बदलतो. सरकार पालटलं, विकासाचं वारं आलं, की 'इथे काही होणार नाही' म्हटलेल्या जागेशेजारी हॉटेल उभं राहतं आणि मोजलेला जादा भाव पाण्यात जातो. उलट, कायदा कडक झाला तर मालकीच डळमळते. स्पेनच्या 1978 च्या राज्यघटनेने समुद्रकिनारा सार्वजनिक ठरवला आणि 1988 च्या किनारा कायद्याने त्याची अंमलबजावणी केली. किनारपट्टीची सरकारी हद्द नव्याने आखली गेली तेव्हा त्या हद्दीत सापडलेल्या घरांची मालकी गेली. रीतसर नोंदलेली खरेदीखतं असलेल्यांनाही बदल्यात 30 वर्षांची, पुढे आणखी 30 वर्षं वाढवता येणारी वापर-परवानगी तेवढी मिळाली. 2013 साली कायदा सैल करून ही मुदत 75 वर्षांपर्यंत नेली. मुदत लांबली तरी मालक तो भाडेकरूच.

केरळातलं उदाहरण याहून झोंबणारं आहे. वेंबनाड सरोवरातल्या नेडियतुरुतु नावाच्या छोट्या बेटावर 54 व्हिलांचं आलिशान रिसॉर्ट बांधलं गेलं. किनारपट्टी नियमन क्षेत्राचे नियम धाब्यावर बसवले होते, आणि तक्रार घेऊन पुढे आले ते त्याच पाण्यात खुंटांची जाळी लावून मासे धरणारे स्थानिक. जानेवारी 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रिसॉर्ट पाडायचा आदेश कायम केला, आणि 2022 मध्ये पाडकाम सुरू झालं. जानेवारी 2020 मध्येच, 11 आणि 12 तारखेला, कोचीजवळच्या मरडूमधली पाण्याकाठची चार संकुलं स्फोटकं लावून जमीनदोस्त करण्यात आली. सदनिका घेणारी बरीचशी सामान्य, आयुष्याची पुंजी लावलेली माणसं होती. त्यांना अंतरिम भरपाई म्हणून प्रत्येकी 25 लाख रुपयांपर्यंतची रक्कम आधी राज्य सरकारने द्यायची आणि नंतर बिल्डरांकडून वसूल करायची, असा न्यायालयाचा आदेश होता. म्हणजे तोवर पैसा कुणाचा? करदात्याचाच. संरक्षित पाण्याकाठी जो पहिल्यांदा नियम मोडतो त्याला 'कुणालाच न मिळणारी' जागा मिळते. त्याच्या जागेला भाव येतो तो बाकीचे सगळे नियम पाळतात म्हणूनच.

दुसरी गोष्ट समुद्राची. जमिनीतली गुंतवणूक भक्कम, असं आपण म्हणतो, कारण जमीन कुठे जात नाही. वाळूच्या बेटावर ती जाते. इंग्लिश कायद्याच्या परंपरेतल्या देशांत समुद्राकडची हद्द बहुधा भरतीरेषेला बांधलेली असते, आणि ही रेषा हळूहळू आत सरकली की मालकीही तिच्याबरोबर आक्रसते. खरेदीखतावर क्षेत्रफळ लिहिलेलं असतं, पण चार हद्दींपैकी एकीवर समुद्र असतो आणि तो मोजणीदाराला विचारून हलत नाही. बुडालेल्या पट्ट्याची भरपाईही मिळत नाही. जो भाग ओल्या वाळूत गेला तो सार्वजनिक झाला.

उत्तर कॅरोलायनातल्या हॅटरस बेटावर हे उघड्या डोळ्यांनी बघता येतं. बेटाचा बराचसा भाग केंद्र सरकारच्या राष्ट्रीय सागरकिनाऱ्यात येतो. अधूनमधून जुन्या वस्त्या आहेत. 1870 साली तिथलं दीपगृह बांधलं तेव्हा समुद्र सुमारे 1,500 फूट दूर होता. शंभरेक वर्षांत तो पायथ्याशी आला, तेव्हा 1999 साली ते अख्खं दीपगृह उचलून, रुळांवरून सरकवत 2,900 फूट लांब नेऊन ठेवलं. दीपगृहाचं ठीक, त्याच्यामागे सरकारी तिजोरी होती. त्याच बेटावरच्या रोडँथी गावात 2020 पासून दहाहून जास्त घरं समुद्रात कोसळली. खांबांवर उभी असलेली ही लाकडी घरं. आधी जिना जातो, मग अंगणातली सांडपाण्याची टाकी उघडी पडते, मग एका वादळात खांब वाकतात. त्यानंतर फळ्या, खिळे, गाद्या, पाइप मैलोन्‌मैल पसरतात, तेही त्या राखीव किनाऱ्यावर, ज्याच्या नावाने घर विकलं होतं.

हे मालक वेळेवर घर हलवत का नाहीत? काहींकडे मागे सरकायला जागा नाही, काहींकडे पैसे नाहीत. पण एक कारण विम्याच्या कागदात आहे. अमेरिकेत पुराचा विमा मुख्यतः 1968 पासूनच्या सरकारी योजनेतून मिळतो. घराच्या इमारतीसाठी जास्तीत जास्त अडीच लाख डॉलर. घर कोसळलं की पैसे मिळतात. कोसळण्याआधी स्वतःहून पाडलं किंवा हलवलं तर नाही. आधीच हलवण्यासाठी पैसे देणारी एक तरतूद 1980 च्या दशकाअखेरीस आली होती, 1994 साली ती रद्द झाली. मग शहाणा मालक काय करील? वाट बघेल. ही योजना इतकी तोट्यात गेली की 2017 साली अमेरिकी संसदेला तिचं 16 अब्ज डॉलरचं कर्ज माफ करावं लागलं. नफा होतो तेव्हा तो मालकाच्या दूरदृष्टीचा, आणि तोटा होतो तेव्हा ती 'नैसर्गिक आपत्ती' असते.

सप्टेंबर 2022 मध्ये इयान वादळाने सॅनिबेलचा पूल-रस्ता अनेक ठिकाणी तोडला. बेट मुख्य भूमीपासून सुटलं. काही आठवड्यांत तात्पुरती वाहतूक सुरू झाली, अर्थातच सरकारी खर्चाने. पूल दुरुस्त करू नये असं मी म्हणत नाही. पण त्या पुलावाचून तिथल्या किनाऱ्याच्या घराची किंमत किती राहते, हा प्रश्न किंमत ठरवताना कधी येत नाही.

या सगळ्यावर एक उत्तर 1982 सालीच सापडलं होतं, आणि गंमत म्हणजे ते दिलं खासगी मालमत्तेचे कट्टर समर्थक असलेल्या राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन यांच्या सहीने. अमेरिकेच्या किनाऱ्याला समांतर असलेल्या वाळूच्या बेटांपैकी जी तोवर मोकळी होती, त्यांचे नकाशे करून तिथे केंद्र सरकारचा पैसा लावायचा नाही, असा कायदा झाला. बांधकामाला बंदी नाही. तुमची जमीन, तुमचं घर, बांधा. फक्त सरकारी पूरविमा मिळणार नाही आणि केंद्राच्या पैशातून रस्ते-पूल होणार नाहीत. बंदीपेक्षा हे जास्त परिणामकारक ठरलं. सवलत मिळणाऱ्या शेजारच्या किनाऱ्यांवर इमारती दाटल्या, इथे बरीचशी वाळू मोकळी राहिली. जोखमीची खरी किंमत कळल्यावर 'दुर्मीळ संधी'चं आकर्षण किती झपाट्याने उतरतं, ते त्यातून दिसलं. मालमत्तेच्या हक्काचं कौतुक करणाऱ्यांनी हा कायदा डोक्यावर घ्यायला हवा होता; त्यात मालकाचा हक्क पूर्ण शाबूत आहे, फक्त दुसऱ्याच्या खिशातला हात काढून घ्यायला सांगितलं आहे.

जिथे घरं आधीच उभी आहेत तिथे मात्र एका रात्रीत विमा काढून घेणं निष्ठुरपणाचं होईल. ज्यांनी सरकारी नकाशे आणि सरकारी विमा बघून भरवशाने घर घेतलं, त्यांना मागे हटायची एक संधी द्यायलाच हवी, आणि ती घर पडायच्या आधी. 2023 साली राष्ट्रीय उद्यान सेवेने रोडँथीतली धोक्यातली दोन घरं सात लाख डॉलरच्या आसपास मोजून विकत घेतली, पाडली, टाक्या काढल्या, आणि ती जागा किनाऱ्यात सामील करून टाकली. पैसे आले समुद्रातल्या तेल आणि वायूच्या परवान्यांच्या उत्पन्नातून चालणाऱ्या एका केंद्रीय निधीतून. प्रयोग चांगला, पण दोन घरांवर थांबला, कारण अशा सगळ्या घरांसाठी तो निधी पुरणारा नाही. आणि तो का पुरवावा? ही घरं गेल्या काही दशकांत हातोहात विकली गेली आहेत, दर वेळी राखीव किनाऱ्याच्या नावाने चढा भाव घेऊन. त्या प्रत्येक व्यवहारावर नॅन्टकेटसारखं 2 टक्के शुल्क त्याच गावाच्या माघारीसाठी बाजूला पडत गेलं असतं, तर घरं पाडायला आणि टाक्या उपसायला आज तेलाच्या पैशाकडे बघावं लागलं नसतं.